निरोगी देहावरील डाग : पूर्व आशियातील सूचिकर्म, दाहकर्म आणि नित्याची आरोग्यचर्या

सुई टोचून रोग बरा करण्याच्या ज्या चिनी विद्येस आज सर्वत्र ‘ॲक्युपंक्चर’ म्हणतात, ती केवळ रोग्यासाठी नसून निरोगी माणसाच्या नित्याच्या आरोग्यचर्येचाही भाग व्हावी, असे अलीकडील लोकप्रिय ग्रंथांतून वारंवार प्रतिपादिले जाते. अशी चर्या पूर्व आशियात सहस्रावधी वर्षे चालत आली आहे, हा दाखलाही त्याच्या जोडीला असतोच. चर्या चालत आली, यात शंका नाही. परंतु ती सुईची होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि तो न विचारण्याचे कारण ‘ॲक्युपंक्चर’ या शब्दातच दडलेले आहे.

चिनी भाषेत या विद्येचे नाव ‘चन-च्यू’ असे आहे. हा द्वंद्व समास होय. ‘चन’ म्हणजे सुई व ‘च्यू’ म्हणजे त्वचेवर किंवा त्वचेच्या निकट वनस्पतीचा कापूस जाळून दिलेली धग. जपानी भाषेने हाच समास ‘शिन्क्यू’ असा उचलला. समासातील दोन्ही पदे समान दर्जाची आहेत. त्यांतील एक वगळले तर उरते ती अर्धी विद्या. लॅटिनमधील ‘आकुस’ म्हणजे सुई आणि ‘पुंक्तुरा’ म्हणजे टोचणे, या दोन शब्दांपासून घडविलेल्या युरोपीय नावाने नेमके हेच केले. प्रस्तुत निबंधात सुईच्या उपचारास सूचिकर्म व धगीच्या उपचारास दाहकर्म म्हटले आहे. रोग नसताना, स्वतःच्या घरी, ठरलेल्या दिवशी ज्याचा अवलंब होत असे तो उपचार प्रायः दाहकर्म होता. सूचिकर्म हे बहुतांशी वैद्याच्या हातचे राहिले, असे उपलब्ध साधनांवरून दिसते.

दाहकर्माचे साहित्य अगदी साधे आहे. मराठी घरांत देवाला वाहिला जाणारा दवणा ज्या आर्टेमिसिया प्रजातीतील आहे, तिच्यातीलच दुसऱ्या एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून व चाळून घेतात. पानाच्या मागील बाजूस असलेली पांढरी लव तेवढी मागे उरते आणि तिचा मऊ कापूस तयार होतो. चिनी भाषेत या वनस्पतीस ‘आय’ म्हणतात, जपानीत ‘योमोगी’. कापसाची बोरीएवढी किंवा तांदळाच्या दाण्याएवढी शंक्वाकार गोळी करून ती विशिष्ट बिंदूवर ठेवावयाची व उदबत्तीने पेटवावयाची. ती मंद जळते. जळून संपली की एक मात्रा झाली. याला वैद्य लागत नाही. बिंदू एकदा शाईने दाखवून घेतला की पुढचे काम घरातील कोणीही करू शकते. पाठीवरील बिंदू असेल तर मात्र दुसऱ्याचा हात हवा, आणि गुडघ्याखालचा असेल तर तोही नको. इतिहासात गुडघ्याखालच्याच एका बिंदूला एवढे महत्त्व का आले, याचे हे एक व्यावहारिक कारण असावे.

या चर्येचा अगदी जुना उल्लेख स्तुतीचा नाही, उपहासाचा आहे, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट होय. ‘च्वांग-त्झू’ या ताओपंथीय ग्रंथाच्या उत्तरभागात कन्फ्यूशियस व दरोडेखोर चृ यांच्या भेटीची कल्पित कथा आहे. हा भाग खुद्द च्वांग चौ याचा नव्हे, उत्तरकालीन अनुयायांचा, असे बहुतेक पंडित मानतात. दरोडेखोराला उपदेश करावयास गेलेला कन्फ्यूशियस कसाबसा जीव वाचवून परततो आणि आपण केले ते रोग नसताना स्वतःला डागून घेण्यासारखे झाले, अशी कबुली देतो. कथेतील शब्दयोजनेवरून ही म्हण त्या काळी लोकांच्या तोंडी असावी असे दिसते. म्हण रूढ होण्यास ती क्रिया सर्वांच्या परिचयाची असावी लागते. याचा अर्थ असा की ख्रिस्तपूर्व काळच्या चीनमध्ये दाहकर्म स्वहस्ते करण्याची रीत माहीत होती. मात्र निरोग्याने ते करणे हे शुद्ध मूर्खपणाचे लक्षण समजले जाई. मेन्शियसच्या ग्रंथातील दृष्टांत याच्या उलट दिशेने जातो. सात वर्षांचे दुखणे असलेल्याला तीन वर्षे मुरलेला आय लागतो आणि तो आधीच साठविला नसेल तर जन्मभर मिळावयाचा नाही, असा त्याचा आशय आहे. येथे डागून घेण्याची घाई नाही, पण घरात साठा असावा ही दूरदृष्टी आहे. पुढील दोन सहस्र वर्षांचा वाद या दोन वाक्प्रयोगांच्या मध्ये कोठेतरी चालला, असे म्हणता येईल.

१९७३ मध्ये हूनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मा-वांग-त्वेइ येथे उत्खननात ज्या रेशमी पोथ्या सापडल्या, त्यांनी या विद्येच्या आरंभाविषयीच्या कल्पना पुष्कळच बदलल्या. ज्या थडग्यातून त्या निघाल्या ते इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झाले होते. देहातील अकरा वाहिन्यांचे वर्णन करणाऱ्या पोथ्या त्यांत आहेत. वाहिनी कोठून निघते, कोठे जाते, ती बिघडली असता कोणते रोग होतात, हे त्या सांगतात व उपाय म्हणून दाहकर्म देतात. त्यांत सुई नाही. नंतरच्या काळी शेकड्यांनी मोजले गेलेले बिंदूही नाहीत. सुईची शास्त्रबद्ध मांडणी आढळते ती ‘ह्वांग-ती नेइ-चिंग’ या संहितेत. तेथे नऊ प्रकारच्या सुया वर्णिल्या आहेत, आणि त्यांतील काही रक्त काढण्याच्या किंवा पू वाहवून देण्याच्या, म्हणजे शस्त्राच्याच जातीच्या आहेत. रोग झाल्यावर नव्हे तर होण्यापूर्वी उपाय करावा, हे सुप्रसिद्ध तत्त्वही याच संहितेतले. आधुनिक लेखक हे तत्त्व व सुई यांची सांगड घालून नित्याच्या सूचिकर्माला प्राचीन आधार मिळाला असे समजतात. परंतु ज्या अध्यायात ते तत्त्व येते तो ऋतुमानाप्रमाणे उठणे, निजणे, मन शांत ठेवणे यांविषयीचा आहे. तेथे सुईची शिफारस केलेली नाही.

निरोगी देहावर डाग घेण्यास प्रतिष्ठा आली ती थांग व सुंग राजवटींत. सातव्या शतकातील वैद्य सुन सिम्याव याने आपल्या ग्रंथात, नैर्ऋत्येकडील शू व आग्नेयेकडील वू या प्रदेशांत नोकरीनिमित्त जाणाऱ्या अधिकाऱ्यांना असा सल्ला दिला आहे की अंगावर दोन-तीन ठिकाणी नेहमी डाग घेतलेला असावा व त्याची जखम भरू देऊ नये. म्हणजे तेथील दूषित हवा व हिवताप बाधत नाहीत. हा उपदेश आजच्या वाचकाला विलक्षण वाटेल. हिवताप डासांमुळे पसरतो व डागाने त्याला अटकाव होत नाही, हे आता सर्वांस ठाऊक आहे. तथापि उपदेश कोणाला केला आहे ते पाहावे. तो रोग्याला नाही, प्रवासाची तयारी करणाऱ्या धडधाकट माणसाला आहे. च्वांग-त्झूमधील उपहासाचा विषय झालेली क्रिया येथे शहाणपणाची ठरली आहे. मध्यंतरी उत्तरेकडील लोकांचा दक्षिणेच्या उष्ण व दमट प्रदेशाशी संबंध वाढला होता; अपरिचित हवेची धास्ती हे या बदलाचे एक कारण मानता येते.

त्यानंतर शंभर वर्षांनी, इ. स. ७५२ मध्ये, वांग थाव याने आपला बृहत्संग्रह सिद्ध केला. त्याने तर सूचिकर्म वगळून केवळ दाहकर्माचेच विवेचन केले. सुई जिवंत माणसाचा प्राण घेऊ शकते, अशी त्याची भूमिका होती. जाड सुया व निर्जंतुकीकरणाच्या ज्ञानाचा अभाव ध्यानी घेता ती अवास्तव म्हणता येत नाही.

सुंगकालीन तौ त्साय याने ११४६ च्या आपल्या ग्रंथात तर आकडेच दिले आहेत. वयाची तिशी गाठलेल्याने दर तीन वर्षांनी बेंबीखाली तीनशे मात्रा घ्याव्यात, पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी तीनशे, साठीनंतर दरवर्षी तीनशे. वय वाढेल तसे अंतर कमी होत जाते. मात्रांची संख्या तीच राहते. ही चिकित्सा नव्हे, वेळापत्रक होय. तीनशे मात्रा म्हणजे काय, याची कल्पना केली तर या चर्येतील यातना किती असतील ते समजते. तौ त्साय याने वेदना कमी व्हावी म्हणून गुंगीच्या औषधाचीही योजना सांगितली आहे. याच काळात गुडघ्याखालच्या ‘त्सू-सान-ली’ या बिंदूसंबंधी एक लोकोक्ती रूढ झाली. सुखरूप राहावयाचे असेल तर तो बिंदू कधी कोरडा पडू देऊ नये, असा तिचा भाव आहे. ‘कोरडा’ या विशेषणाचा संबंध जखमेशी आहे. डाग दिल्यावर फोड यावा, तो वाहावा, आणि वाहणे थांबताच पुन्हा डाग द्यावा, अशी ती रीत होती. आजच्या प्रसाधनगृहांतील सुगंधी धुराच्या ‘विश्रांती’शी तिचे नाते जोडताना एवढे तरी स्मरणात ठेवणे इष्ट.

मराठी वाचकाला येथे आपल्याकडील डाग देण्याची व बिब्बा घालण्याची रीत आठवणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर स्वतंत्र अध्यायही आहे. साम्य आहे; पण ते क्रियेचे आहे, हेतूचे नाही. सुश्रुताचे अग्निकर्म व खेड्यापाड्यांतील डाग हे दोन्ही झालेल्या दुखण्यावरचे उपाय होत. प्रकृती उत्तम असताना तिथी ठरवून डाग घेण्याची चर्या येथे रुजली नाही.

ती खऱ्या अर्थाने घरगुती झाली जपानमध्ये. चिनी वैद्यक जपानात आले तेव्हा सूचिकर्म राजदरबारी पदाशी निगडित झाले, इ. स. ७०१ च्या ताइहो संहितेत सूचिवैद्यांची पदे आहेत. सतराव्या शतकात सुगियामा वाइची (१६१०–१६९४) या अंध वैद्याने नळीतून सुई घालण्याची पद्धत प्रचारात आणली आणि पाचवा शोगुन त्सुनायोशी याच्या आश्रयाने अंधांसाठी शिक्षणाची सोय केली. तेव्हापासून सूचिकर्म हे मर्दनाप्रमाणेच अंधांच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन झाले. म्हणजे सुई अधिक सौम्य झाली, स्वस्त झाली, सामान्यांच्या दारी आली; तरी ती टोचणारा हात व्यावसायिकाचाच राहिला.

दाहकर्म मात्र प्रत्येकाच्या घरी होते. कवी मात्सुओ बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या दीर्घ पदयात्रेस निघाला. आपल्या प्रवासवर्णनाच्या आरंभी त्याने तयारीच्या ज्या किरकोळ गोष्टी नोंदविल्या आहेत, त्यांत विजार शिवणे, टोपीचे बंद बदलणे आणि गुडघ्याखालच्या ‘सान्री’ बिंदूवर डाग घेणे या तिन्ही एका दमात येतात. सान्री म्हणजेच चिनी सान-ली. बाशो आजारी नव्हता. वैद्याचा तेथे उल्लेख नाही, आणि स्पष्टीकरण देण्याची गरजही त्याला भासली नाही. वाचकांपैकी प्रत्येकजण प्रवासापूर्वी हेच करीत असला पाहिजे. सुन सिम्यावचा सल्ला हजार वर्षांनी व समुद्रापलीकडे अशा रीतीने विजारीच्या टाक्याइतका साधा होऊन बसला होता.

काइबारा एकिकेन (१६३०–१७१४) याचा ‘योजोकुन’ हा आरोग्यचर्येवरील ग्रंथ १७१३ चा आहे. लेखक तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. ग्रंथ पंडितांच्या चिनीत नसून सामान्य वाचकाला समजेल अशा जपानीत आहे, हेच त्याच्या प्रसाराचे रहस्य होय. अखेरच्या आठव्या खंडात वृद्धांची शुश्रूषा व बालसंगोपन यांच्या पाठोपाठ सूचिकर्म व दाहकर्म येतात. दोहोंसंबंधीची त्याची वृत्ती भिन्न आहे. सुई साचलेले मोकळे करते, उणे ते भरून काढीत नाही, असे त्याचे मत. म्हणून ती जपून वापरावयाची. दाहकर्म मात्र मंदाग्नी व अशक्त प्रकृती असणाऱ्यांना तो दुसऱ्या व आठव्या महिन्यांत नियमाने करावयास सांगतो. सान्रीवर रोज एक याप्रमाणे शंभर दिवस डाग घेणाऱ्या माणसाचाही तो उल्लेख करतो. अशक्तांनी गोळी लहान घ्यावी, एकदम पुष्कळ घेऊ नयेत, अशी सबुरीही त्याच्या लेखनात आहे. तौ त्सायच्या तीनशे मात्रांपासून एकिकेनच्या एका दाण्यापर्यंतचा हा प्रवास महत्त्वाचा होय. चर्या नित्याची व्हावयाची तर ती सोसण्याजोगी असावी लागते.

दुसऱ्या व आठव्या महिन्यांतील द्वितीयेला घेतलेल्या डागास ‘फुत्सुकाक्यू’, म्हणजे द्वितीयेचा डाग, असे नावच पडले आणि हायकूच्या परंपरेत तो ऋतुसूचक शब्द ठरला. कापसाचा व्यापारही वाढला. एदो व क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेंदो मार्गावर, इबुकी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या काशिवाबारा या मुक्कामी हा कापूस विकणारी दुकाने होती. चित्रकार हिरोशिगे याने या मुक्कामाच्या चित्रात तसले दुकानच रंगविले आहे.

परंतु चर्या किती खोल गेली होती याचा उत्तम पुरावा ग्रंथांत वा चित्रांत नाही, तो बोलीत आहे. जपानीत ‘डाग ठेवणे’ म्हणजे कडक शब्दांत कानउघाडणी करणे. दांडग्या मुलाला वठणीवर आणण्यासाठी आई डागाचा धाक घालीत असे, त्यातून हा वाक्प्रचार आला. ‘कावाकिरी’ हा शब्द आज केवळ आरंभ या अर्थी, एखाद्या सभेच्या पहिल्या भाषणालाही, लावतात. शब्दशः तो त्वचेचा छेद होय, आणि मुळात तो डागाच्या पहिल्या गोळीचे नाव होता. पहिलीच गोळी सर्वांत जास्त पोळते, हे ज्याने सोसले आहे अशा समाजातच हा अर्थविस्तार संभवतो. घरगुती बोलीत डागाला ‘याइतो’ असा चिनी मुळाचा नसलेला खास देशी शब्दही आहे. वैद्यकीय सुईने सामान्य जपानी बोलीत अशी बिऱ्हाडे थाटलेली आढळत नाहीत. चिनीत सुईवरून एक प्रतिष्ठित शब्द आहे, ‘चन-प्येन’. त्याचा अर्थ दोषावर नेमके बोट ठेवणे, असा होतो. परंतु दोष तेथे दुसऱ्याचा असतो व सुई टीकाकाराच्या हाती.

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांमार्फत ही विद्या युरोपात पोहोचली ती दोन वेगळ्या वाटांनी, आणि समासाची फूट येथेच पडली. बटाव्हिया येथील डच धर्मोपदेशक हेर्मान बुस्खोफ याचा संधिवात एका स्थानिक वैद्यीणबाईने डाग देऊन कमी केला. त्याने १६७५ च्या सुमारास त्यावर पुस्तक लिहिले. कापसाचे जपानी नाव ‘मोगुसा’. त्याचे युरोपात ‘मोक्सा’ झाले. इंग्रज मुत्सद्दी सर विल्यम टेम्पल १६७७ मध्ये नाइमेखेन येथील तहाच्या वाटाघाटींसाठी गेला असता त्याला संधिवाताने गाठले. तेथे त्याने मोक्साचा प्रयोग स्वतःच्या पायावर करविला आणि त्या अनुभवावर निबंध लिहिला. सुईची वाट निराळी. देजिमा येथे १६७४ ते १६७६ पर्यंत राहिलेला वैद्य विलेम तेन राइने याचा लॅटिन ग्रंथ १६८३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ‘अकुपुंक्तुरा’ हे नाव युरोपात रूढ होण्याचा आरंभ याच ग्रंथाने झाला. तेन राइने याला दाहकर्म अवगत होते व त्याने त्याचेही वर्णन केले आहे. पण युरोपीय वाचकांच्या मनात मोक्सा हे एक औषध आणि अकुपुंक्तुरा ही एक शस्त्रक्रिया अशी दोन खाती उघडली गेली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सुईची लाट आली ती रुग्णालयांतून. घरगुती चर्येचा गंधही त्या लाटेला नव्हता.

विसाव्या शतकाचा वृत्तांत संक्षेपाने सांगितला तरी पुरे. चीनमध्ये १८२२ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने राजवैद्यशाळेतून सूचिकर्म व दाहकर्म ही दोन्ही काढून टाकण्यात आली होती. १९३० नंतर छंग तान-आन (१८९९–१९५७) याने बारीक सुया व मज्जातंतूंच्या आधुनिक शरीरशास्त्राशी जुळणारे बिंदू यांच्या साहाय्याने विद्येची नवी मांडणी केली. सूचिकर्म सुसह्य व वारंवार करण्याजोगे झाले ते या फेरमांडणीमुळे, आणि पुढे एकदाच वापरावयाच्या निर्जंतुक सुयांमुळे. आठवड्यातून एकदा जाऊन सुया टोचून घेण्याची आजची आरोग्यचर्या ही अशी शंभर वर्षांच्या आतली आहे. तिचे मूल्य तिच्या वयावर अवलंबून नाही. दीर्घकालीन वेदनांत सुईने काही प्रमाणात आराम पडतो असे आधुनिक चाचण्यांत दिसते. मात्र खोट्या सुईच्या तुलनेत हा फरक पुष्कळदा थोडाच भरतो. निरोगी माणसाला तिने रोगांपासून संरक्षण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. अकुशल हाताने छातीत सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते, ही वांग थावची भीती आजही पूर्ण निराधार नाही.

घरगुती दाहकर्माला आधुनिक काळात एक पुरस्कर्ता लाभला. हारा शिमेतारो (१८८२–१९९१) या जपानी डॉक्टरने क्यूशू विद्यापीठात दाहकर्माचे रक्तावरील परिणाम अभ्यासले आणि सर्व राष्ट्राने सान्रीवर डाग घ्यावा अशी चळवळ केली. तो स्वतः ही चर्या पाळीत असे व एकशे आठ वर्षे जगला. एका माणसाच्या दीर्घायुष्याने काही सिद्ध होत नाही, पण चळवळीला त्याहून प्रभावी जाहिरात कोणती मिळणार!

१९७१ च्या जुलैमध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन याच्यावर पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या पोटदुखीवर त्याला जो उपचार मिळाला त्याचे वर्णन त्याने आपल्या वृत्तपत्रात छापले. त्याच्या कोपरात व गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि पोटावर जळत्या आयची धगही दिली, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेत त्या लेखाने जे कुतूहल जागविले ते मात्र केवळ सुईचे. शब्द एकच उपलब्ध होता, आणि तो निम्माच होता.

मराठीत आलेला शब्दही इंग्रजीमार्गे तोच निम्मा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव या विद्येशी अनेकदा जोडले जाते. वस्तुतः १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातील ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकून घेतली व १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात ती सुरू केली. कोटणीसांच्या स्मरणार्थ निघालेल्या संस्थांनी तिचा प्रसार केल्यामुळे दोन्ही नावे लोकांच्या मनात एकत्र आली. येथेही विद्या आली ती दवाखान्यात, सुईच्या रूपाने. दाहकर्मासाठी मराठीत रूढ शब्द घडण्याची वेळच आली नाही.

युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या सूचीत या विद्येची नोंद केली ती दोन्ही पदे धरून, सूचिकर्म आणि दाहकर्म अशी. जपानमध्ये आजही या दोहोंचे परवाने निरनिराळे आहेत. व्यवसाय करणाऱ्याला बहुधा दोन्ही घ्यावे लागतात. तेथील औषधांच्या दुकानांत मागे चिकटपट्टी लावलेल्या, फोड न आणणाऱ्या कापसाच्या लहान गोळ्या घरगुती वापरासाठी खोक्यांतून मिळतात.